ऐतिहासिक ड्रेपरी (नाटकाचे कपडे) भाड्याने: पुण्याच्या पेठेतल्या एका दुकानाचा रिव्ह्यू (जरा लांबलाय, चहा घेऊन बसा)

दुकानात शिरल्या शिरल्या काकांनी पहिला प्रश्न टाकला, "मस्तानी, तानाजी का छावा?"

मला आधी कळेचना. मी म्हटलं, काका, आम्हाला थोरले माधवराव पाहिजेत, सोसायटीच्या गणपतीत बसवतोय. तर म्हणाले, "हो हो, म्हणजे मस्तानीच की. पेशवे सगळे मस्तानीत येतात." आणि खरंच, वर बघितलं तर लोखंडी पाइपला ओळीने हँगर आणि प्रत्येक पाइपच्या टोकाला पुठ्ठ्याची चिठ्ठी, स्केचपेनने लिहिलेली. 'मस्तानी', 'तानाजी', 'छावा', मग 'मालिका – छोटे', 'मालिका – मोठे'. शतक नाही, राजवट नाही, छत्रपती-पेशवे असा भेद नाही, सगळा इतिहास रिलीज डेटनुसार लावलेला. आधी हसले, मग म्हटलं हसतेस काय, तूही माधवराव बसवायचा म्हटल्यावर पहिल्यांदा यूट्यूबच उघडलं होतंस.

दुकानाचं नाव लिहीत नाहीये. काकांनीच सांगितलं, "नाव टाकू नका मॅडम, सीझनला आधीच फोन उचलायला माणूस नाही." आणि पुढे थोड्या तक्रारी पण आहेत, त्यामुळे तेच बरं. भांड्यांच्या दुकानावरचा माळा, लाकडी जिना, वर दोन खोल्या, एवढं पुरे. नाटकवाल्या कोणालाही 'ड्रेपरी कुठे मिळेल' विचारलंत तर जी तीन-चार नावं सांगतील त्यातलंच एक.

तर आमचं नाटक, २०२५ च्या गणपतीतलं. नाटक कसलं, दोन प्रवेश, पंचवीस मिनिटं. पहिला शनिवारवाड्यात, माधवराव आणि त्यांच्या आई गोपिकाबाई, दुसरा थेऊरला, शेवटचे दिवस, काका राघोबादादा भेटायला येतात तो. लिहिलं आम्हीच. सतीचा प्रसंग दाखवायचा नाही हे पहिल्याच मीटिंगला ठरलं, रमाबाई देवळाकडे बघत उभ्या राहतात आणि पडदा. पात्रं आठ: माधवराव, रमाबाई, गोपिकाबाई, राघोबादादा, रामशास्त्री, दोन सरदार आणि एक हुजऱ्या (हुजऱ्याला तीन वाक्यं होती, तरी रिहर्सलला सगळ्यात आधी तोच यायचा). माधवराव आमच्या बी विंगमधले, बँकेत आहेत, वय बेचाळीस. खरे माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ ला गेले तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते आणि क्षयाने पार खंगले होते, आमच्या माधवरावांना मधुमेह आहे आणि पोट आहे, पण आवाज असा खणखणीत की बाकी कोणाचं नावच पुढे आलं नाही.

आता मेन मुद्दा. काकांनी 'मस्तानी' पाइपवरून जो सेट काढला तो म्हणजे काय सांगू, सोनेरी टिश्यूचा अंगरखा, छातीवर टिकल्यांची वेलबुट्टी, कमरेला सॅटिनचा शेला, वर मरून मखमलीची शाल जिला मशीनची लेस. लांबून बघितलं तर भारी. लग्नात नवरदेवाला घातला असता तर मी स्वतः फोटो काढला असता. पण थेऊरला राजयक्ष्म्याने अंथरुणाला खिळलेला माणूस हे घालून झोपलाय असं डोळ्यासमोर आणा. मी काकांना तेच म्हटलं तर ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, सिनेमात पण आजारी माणूस असाच असतो."

यात काका चुकले असं मला म्हणता येईना. गेल्या दहा वर्षांत मराठेशाहीवर एवढे सिनेमे आले, २०१५ चा भन्साळींचा 'बाजीराव मस्तानी', २०१९ ला गोवारीकरांचं पानिपत, २०२० ला तानाजी, २०२५ ला छावा, आणि मधे दिग्पाल लांजेकरांची मराठीतली रांगच, आणि बघणाऱ्याच्या डोक्यात जे राहिलं ते कापड राहिलं. कथा विसरेल माणूस, पण अंजू मोदी आणि मॅक्सिमा बसूंनी त्या २०१५ च्या सिनेमात जे काय घेर आणि रंग टाकले ते विसरणार नाही. तेव्हा काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचतात, नऊवारी अशी कशी नेसवली, यावरून पेशव्यांच्या वंशजांनी आक्षेप घेतला, पेपरात आलं, टीव्हीवर चर्चा झाल्या. आणि तीच साडी पुढच्या वर्षी गॅदरिंगला, हळदीकुंकवाला, संगीतला, सगळीकडे. काकांकडे तो सेट आजही सगळ्यात जास्त जातो. वाद झाला की माल जास्त उठतो असं ते स्वतःच म्हणाले.

तानाजीचे कपडे मला आवडले होते हे आधी कबूल करते. नचिकेत बर्वे आणि महेश शेर्ला यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार पण मिळाला, आणि निदान मावळ्यांचे कपडे मळलेले, घामेजलेले दिसत होते. पण भाड्याच्या दुकानात पोचेपर्यंत त्याचं काय होतं? मळका रंग जातो, कारण मळकं कपडं भाड्याने कोण नेणार, लोकांना वाटेल धुतलं नाही. विणीचा पोत जातो, कारण पोत महाग. राहतं काय तर आकार आणि चकाकी. म्हणजे सिनेमावाल्याने पुस्तकावरून केलं, मालिकावाल्याने सिनेमावरून केलं, ड्रेपरीवाल्याने मालिकेवरून केलं आणि आम्ही ड्रेपरीवाल्याकडून उचललं. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं की काळं तेवढं राहतं, इथे सोनेरी तेवढं राहिलंय.

असो. सेट घेऊन घरी ट्रायल केली (दुकानात ट्रायल रूम नाही, जिन्यात उभं राहून अंगावर धरून बघायचं, हा एक मायनस पॉइंट). अंगरख्याला बंद नव्हतेच, वरून नुसते शोभेचे लटकवलेले आणि आत वेल्क्रो. आमच्या माधवरावांनी राघोबादादांना "काका, आपण पुण्याचे धनी आहोत" म्हणून श्वास घेतला आणि पोटावरचा वेल्क्रो चर्रर्र करून सुटला. रिहर्सलला असलेली सगळी पोरं खाली लोळली. त्यात वास, डांबरगोळ्यांचा, एवढा की रमाबाईंना शिंका. आणि गोपिकाबाईंसाठी पिशवीतून काय निघालं तर गुलाबी शिवलेली नऊवारी, काठाला मोर, सोबत नथ, ठुशी, तन्मणी, हिरवा चुडा, पूर्ण डबा. गोपिकाबाई! पानिपतात मुलगा गेला, सहा महिन्यांत २३ जून १७६१ ला नवरा गेला, त्या बाईला चुडा! दुकानातला पोरगा म्हणाला, ताई, यादीत 'पेशवीण – २' लिहिलं होतं, दोन सेम दिले.

यावर आमच्या ग्रुपवर रात्री साडेअकरापर्यंत चर्चा. एक पार्टी म्हणे चालतं गं, गणपतीत कोण बघतंय, लायटिंगमधे छान दिसेल. दुसरी पार्टी (मी आणि आमच्या ए विंगच्या काकू) म्हणे नाही चालत. काकूंनी सासूबाईंच्या आईची ट्रंकेतली मरून सुती नऊवारी काढून दिली, अजिबात काठपदर नसलेली, अलवणाच्या (पूर्वी विधवा नेसायच्या त्या साडीच्या) अगदी जवळची, आणि स्वतः येऊन नेसवली. शिवलेली नाही, नेसवलेली. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, त्याचा कासोटा घालून ओचा खोवला की बाईची चालच बदलते हो, खांदे खाली येतात, पाऊल दाबून पडतं. शिवलेल्या साडीत बाई पायजम्यात चालल्यासारखी चालते. आमच्या गोपिकाबाई एरवी झुंबा घेतात, त्या साडीत नुसत्या येऊन बसल्या तर समोर बँकवाले माधवराव आपोआप उभे राहिले.

मग मला चैन पडेना. रविवारी नवऱ्याला आणि लेकीला घेऊन केळकर म्युझियम गाठलं. इथे राहून मी शेवटची शाळेच्या सहलीत गेले होते बहुतेक. दिनकर केळकरांनी आयुष्यभर गोळा करून, अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने केलेलं आणि मग सरकारला देऊन टाकलेलं हे सगळं, दिवे, अडकित्ते, पेट्या, वाद्यं, कोथरूडहून आणून उभा केलेला मस्तानी महाल. जुने कपडे मी पहिल्यांदाच नीट, काचेला नाक लावून बघितले. आणि पहिलं काय वाटलं तर, हे लहान आहेत. दुसरं, हे मऊ आहेत. जरी आहे, नाही कशाला म्हणू, पण जरी काठाला, पदराला, शेल्याच्या टोकाला, जिथे हललं की चमकेल तिथे. सगळं अंग चमकवत नाही कोणी. पेशव्यांकडे काय कमी होतं का, चंदेरी, किनखाप, बऱ्हाणपूरचं कापड, पैठणचं तर विचारूच नका, खुद्द आमच्या माधवरावांनी पैठणहून आसवली वेलीचे दुपट्टे मागवल्याचं सांगतात, रंगसुद्धा सांगून, त्यात डाळिंबी होता. म्हणजे माणूस हौशी होताच. पण हौशी असणं वेगळं आणि टिश्यूचा नवरदेव असणं वेगळं. लेक म्हणाली, "आई, यांचे कपडे बोअर आहेत." तिची काय चूक, तिचे पेशवे स्क्रीनवरचे.

सोमवारी परत दुकानात. भांडायच्याच तयारीने गेले होते. आणि इथून रिव्ह्यू पॉझिटिव्ह होतो, थांबा.

काका गिऱ्हाइकात होते, म्हणून आतल्या खोलीत शिवणकाम करणाऱ्या मास्तरांना गाठलं. सत्तरीच्या पुढचे, जाड भिंगाचा चष्मा, गळ्यात टेप, रेडिओ चालू. त्यांना म्हटलं, मास्तर, पेशवे साधे नाहीत का हो तुमच्याकडे? त्यांनी मशीन थांबवलं, माझ्याकडे बघितलं, आणि पलीकडची पत्र्याची ट्रंक पायानेच पुढे ढकलली. म्हणाले, "हे मालकांच्या वडिलांच्या वेळचं. संगीत नाटकवाल्यांना जायचं. आता कोण मागत नाही, म्हणून वर टांगत पण नाय."

आत सुती अंगरखे. पांढरे, एक फिका अबोली, एक मोरपंखी. काठाला बोटभर जर, बाकी काही नाही. खरे बंद, आतून एक जोडी बाहेरून एक जोडी. मास्तरांनी माझ्यासमोर दुकानातल्या पोराला घालून दाखवलं, आतला पदर असा घ्यायचा, बाहेरचा त्याच्यावरून असा आणायचा आणि डावीकडे काखेखाली गाठ. "आपला डावीकडे, मोगलाचा जामा उजवीकडे. तेवढ्यावरून माणूस लांबून ओळखू यायचा," असं म्हणाले. मी घरी येऊन मोबाइलवर दोन-तीन मालिकांचे जुने भाग बघितले आणि आता तुम्हाला पण हा शाप देते, एकदा कळलं की दर वेळी नजर आधी काखेत जाते. एकाच दरबारात एक सरदार डावीकडे, दुसरा उजवीकडे, तिसऱ्याला मधोमध चेन.

पगड्यांचं पण तसंच. वर टांगलेल्या पगड्या म्हणजे फायबरचं भांडं आणि त्यावर चिकटवलेलं सॅटिन, सगळ्यांना एकच, माधवराव पण तीच, सरदार पण तीच, रामशास्त्री पण तीच. ट्रंकेतल्या बांधलेल्या, खालचा घेर वेगळा, वरची घडी वेगळी, एक शास्त्र्याची, एक सरदाराची, मास्तरांना सांगावं पण लागलं नाही. (पुणेरी पगडीला २००९ मधे जीआय टॅग मिळाला हे मला माहीत होतं, पण माझ्या डोक्यात पगडी म्हणजे एकच, ती लाल, सत्काराची.) आमच्या माधवरावांचं डोकं मोठं निघालं तर मास्तरांनी मागची शिवण उसवून पाच मिनिटांत बसवून दिली. फायबरवाल्या दोघा सरदारांना शेवटपर्यंत आत पेपरची घडी घालावी लागली.

आणि रेट ऐका. टिश्यूचा सेट ६०० रुपये, ट्रंकेतला २५०. का, तर मागणी नाही! मी काकांना म्हटलं अहो उलटं पाहिजे, तर काका म्हणाले, "मॅडम, लोक फोटो दाखवून मागतात. फोटोत जे आहे तेच मला ठेवायला लागतं."

मग चहा आला आणि काका खुलले. त्यांचं धंद्याचं गणित ऐकण्यासारखं आहे. पोस्टर आलं की हे कापड बघायला जातात. ट्रेलर आला की कटिंगला टाकतात. सिनेमा लागेपर्यंत थांबलं तर उशीर. छावा लागला १४ फेब्रुवारीला आणि शिवजयंती १९ ला, मधे पाच दिवस, आणि त्या पाच दिवसांत लहान पोरांचे सगळे सेट संपले, शेवटी एकाला 'तानाजी छोटे'वर नवीन पट्टा मारून दिला. ट्रेलरमधे लेझीमचा सीन होता तो नंतर वादामुळे काढला ना, तर त्या सीनवरून यांनी शिवायला टाकलेले चार अंगरखे पडून राहिले असते, "पण लेझीम पथकाने नेले, देव आहे." आता मालिकांचा सीझन थंड आहे म्हणाले, पूर्वी संभाजी महाराजांची मालिका रोज लागायची तेव्हा शाळांची गॅदरिंगं त्याच्यावरच चालायची, तीन वर्षं बघायला लागलं नाही.

आणि पुढे काय येतंय याची तारीखवार यादी त्यांच्याकडे माझ्यापेक्षा पक्की. रितेश देशमुखचा 'राजा शिवाजी', दिग्दर्शन पण त्याचंच, १ मे २०२६, मराठी-हिंदी दोन्ही. ऋषभ शेट्टीचा महाराजांवरचा सिनेमा, जाहीर झालेली तारीख २१ जानेवारी २०२७. काकांना दोन्हींची वेगळी काळजी आहे. मे महिन्यात शाळा बंद म्हणजे लहान सेटचा धंदा जूनपर्यंत ढकलला, आणि जानेवारीत आला तर गॅदरिंग आणि शिवजयंती दोन्ही पकडता येतात, सोनं. मी म्हटलं काका, सिनेमावाल्यांनी तुम्हाला विचारून तारखा ठरवायला पाहिजेत. त्यांनी ते कौतुक म्हणून घेतलं.

मला मात्र वेगळीच उत्सुकता आहे आणि ती इथे लिहून ठेवते. रितेशच्या सिनेमाला संतोष सिवन कॅमेऱ्यावर आहेत, संगीत अजय-अतुलचं. संगीताचं सोडा, ते दणकून असणारच. पण सिवनसारखा माणूस असेल तर निदान सुताचा पोत पडद्यावर दिसेल अशी आशा करायला हरकत नाही, की परत सगळं काळपट-निळं आणि वर ठिणग्या? आणि दुसरं, डोक्यावर काय असेल? आपल्या सगळ्यांच्या मनात महाराज जिरेटोपातले, देवघरात तेच, कॅलेंडरवर तेच. पण वा. सी. बेंद्रेंनी डचांच्या कागदांतून शोधून १९३३ मधे लोकांसमोर आणलेलं चित्र घ्या, किंवा ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधलं सतराव्या शतकातलं घ्या, तिथे महाराज पागोट्यात आहेत, वर तुरा, अंगात साधासा जामा, कमरेला पटका. काय रुबाब आहे त्या साधेपणात, नजर बघा फक्त. एखाद्या सिनेमाने पूर्ण लांबीचा तो अवतार दाखवायची हिंमत केली ना, तर काकांच्या पाइपवर सहा महिन्यांत पागोटी लटकतील, मी लिहून देते. कारण ट्रेलर आला की कटिंग!

आणि साधं दाखवलं तर चालत नाही, बक्षिसं मिळत नाहीत, हे कोणी सांगू नये. भारताला पहिलं ऑस्कर मिळालं ते कपड्यांसाठीच, आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया, १९८३ साली, आणि सिनेमा कुठला तर गांधींवरचा. अर्धा सिनेमा पांढरं सुती! तिथे लेस कुठे लावणार? प्रत्येक माणसाचं पांढरं वेगळं, कोणाचं धुवट, कोणाचं परीटघडीचं, कोणाचं विटलेलं. हे मी मास्तरांना सांगितलं तर त्यांना बाईंचं नाव माहीत होतं, नुसते "हां, कोल्हापूरच्या" म्हणून परत मशीनवर बसले.

बरं, आता कामाचं. फायनल बिल असं झालं: टिश्यूचे तीन (राघोबादादा आणि दोन सरदार, राघोबादादांनी हट्टाने चकचकीतच घेतला आणि खरं सांगू, राघोबादादांना तो शोभला) १८००, माधवरावांचा ट्रंकेतला २५०, रामशास्त्र्यांची फक्त पगडी १०० (धोतर-उपरणं घरचं), हुजऱ्या २५०, रमाबाईंची नऊवारी ३५०, दागिन्यांचा डबा २००. एकूण २९५०. डिपॉझिट ५००० रोख, जीपे चालत नाही डिपॉझिटला. आदल्या संध्याकाळी सातनंतर न्यायचं आणि प्रयोगानंतर दुसऱ्या सकाळी अकराच्या आत परत, अकरा वाजून दहा मिनिटं झाली तर दुसरा दिवस लागतो, त्यात काका ऐकत नाहीत.

प्रयोगाच्या दिवशी काय झालं ते थोडक्यात. पाऊस. मांडवावर ताडपत्री, तिच्यातून बरोबर शनिवारवाड्याच्या दरबारात धार. टिश्यूचे तिघे पहिल्या प्रवेशातच घामाने आणि पावसाने निथळले, एका सरदाराच्या अंगरख्याचा सोनेरी रंग त्याच्या हातावर उतरला, रात्रभर निघाला नाही, सकाळी ऑफिसला तसाच गेला. माधवराव कोरडे नव्हते पण ओलं सुती अंगाला चिकटलं आणि त्यात ते खरोखर आजारी दिसायला लागले, खोकला तर त्यांनी फार मनापासून केला. दुसऱ्या प्रवेशात रमाबाई त्यांच्या अंगरख्याचा सुटलेला बंद परत बांधतात असं काही आम्ही लिहिलेलं नव्हतं. तो खरंच सुटला होता. तिने बोलता बोलता खाली बसून बांधला, डाव्या बाजूला, मास्तरांनी दाखवला तसा, आणि पुढची दोन वाक्यं विसरली, आणि समोर पहिल्या रांगेतल्या आज्या एकदम गप्प झाल्या. प्रॉम्प्टरने पण काही सांगितलं नाही. वेल्क्रो असता तर काय केलं असतं कोण जाणे.

तक्रार: डिपॉझिटमधून ४०० कापले. कारण सांगितलं कॉलरला फाउंडेशन लागलंय, ड्रायक्लीन. अंगरख्याला कॉलर कुठून आली विचारलं तर म्हणे गळ्याशी. लागलं होतं, मान्य, पण आधी सांगायला पाहिजे होतं ना, पावतीवर कुठेही नाही. आणि टिश्यूच्या रंगाने आमच्या माणसाचा हात सोनेरी झाला त्याचे कोण देणार. यादीत पात्राचं नाव लिहून घ्यायची पद्धत नाही, नुसतं 'पेशवीण – २', त्यामुळे तुम्ही स्वतः कागदावर लिहून न्या, विधवा का सवाशीण, म्हातारा का तरुण, आजारी का लढाईवर, आणि दुकानात उघडून बघितल्याशिवाय पिशवी उचलू नका. तलवारी रबराच्या आहेत, चालतात, फक्त म्यान घेऊ नका, एकदा घातली की निघत नाही. चिलखत १२०० ला आहे, आम्ही घेतलं नाही, हातात धरून बघितलं, फोमवर चंदेरी रंग, पाठीला इलॅस्टिक.

पाचपैकी किती द्यायचे तर वरच्या पाइपला अडीच आणि ट्रंकेला पाच. जाल तेव्हा सरळ आत जा आणि मास्तरांना 'पेशवे साधे' एवढंच म्हणा. सकाळी जा, दुपारी दोन ते चार ते झोपतात.

कपडे परत द्यायला गेले तेव्हा 'छावा'च्या शेजारी नवीन पाइप ठोकलेला होता. हँगर एकही नाही, फक्त पुठ्ठ्याची चिठ्ठी, 'राजा शिवाजी – मे'. आणि आत मास्तर कुठलंतरी लाल मखमलीचं कापड खडूने आखत होते, मी विचारलं हे कशाचं, तर म्हणाले, "अजून ट्रेलर कुठाय, नुसतं अंदाजाने कापून ठेवतोय."

माधवरावांची भिकबाळी आमच्याकडेच राहिलीये, काकांच्या अजून लक्षात आलेलं नाही. शनिवारी द्यायला जाणारे, तेव्हा मास्तरांकडून बंद बांधायचा व्हिडिओ करून घेईन म्हणते. कोणाला पाहिजे असेल तर सांगा.